टोपाआडचा चेहरा

टोप डोक्यावर बसला आणि बाहेरचं जग एकदम लांब गेलं. समोर बोटभरही रुंद नसलेली आडवी फट. तिच्यातून दिसलं ते एवढंच: गवताचा एक पट्टा, कुणा बाईची कंबर, कुत्र्याचं शेपूट. मान खाली घातली तर स्वतःचे पाय दिसेनात. कान झाकलेले, त्यामुळे ऐकू येत होता तो फक्त माझाच श्वास, रिकाम्या हंड्यात तोंड घालून घ्यावा तसा घुमणारा. वास लोखंडाचा, तेलाचा आणि माझ्या आधी ज्यांनी ज्यांनी तो घातला त्या सगळ्यांच्या घामाचा. अर्ध्या मिनिटात मी काढायची खूण केली. अप्पा शेजारीच उभे होते आणि तेवढा सगळा वेळ माझ्याशी बोलत होते म्हणे. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

हे आयर्लंडमधलं काहिर. लिहायचं काहिर, म्हणायचं ‘केअर’. डब्लिनहून गाडीने दोनेक तास. गावातून जी नदी वाहते तिचा उच्चार चक्क ‘शूर’ असा आहे, आणि तिच्या पात्रातल्या खडकावर किल्ला. नदीचं नाव अप्पांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. १५९९ साली अर्ल ऑफ एसेक्सने तोफा लावून हा किल्ला घेतला. तेव्हाचा एक गोळा अजून भिंतीत रुतलेला आहे. एरवी दोन जिने चढले की अप्पांचे गुडघे बोलतात, पण बुरूज दिसला की तेच गुडघे गप्प होतात. त्या रविवारी तिथे काही हौशी मंडळी जुन्या पद्धतीची हत्यारं मांडून बसली होती आणि येईल त्याला टोप घालून बघू देत होती.

माझ्यानंतर अप्पांनी घातला. ते चांगले पाच मिनिटं आत राहिले. मी फोटो काढला.

अप्पांना याचा सराव आहे असं म्हणता येईल. वाई तालुक्यातल्या आमच्या गावात यात्रेला दरवर्षी ऐतिहासिक नाटक व्हायचं आणि त्यात अप्पांकडे कायम पहारेकऱ्याचं काम असायचं. पुठ्ठ्याचा टोप, त्यावर चंदेरी कागद. एका वर्षी टोप मापाला मोठा झाला, ऐन प्रवेशात घसरून डोळ्यांवर आला आणि अप्पांनी खानाऐवजी पेटीमास्तरांना मुजरा केला. ही गोष्ट घरात प्रत्येक लग्नकार्याला निघते. तेव्हापासून अप्पांचं एक ठाम मत आहे: “नटाचं तोंड झाकू नये. तोंडच दिसलं नाही तर शिट्टी कुणाला मारायची?”

मी युरोपातल्या मध्ययुगीन दंतकथांवरचे चित्रपट वर्षानुवर्षं बघत आलोय, चांगले, वाईट आणि भयंकर. ब्रिटनचा दंतकथेतला राजा आर्थर, त्याच्या गोलमेजाभोवती बसणारे लान्सलॉट, गवेन, पर्सिव्हल, आणि येशूच्या शेवटच्या जेवणातलं म्हणतात त्या पवित्र पात्राचा शोध. ते पडद्यावर आणताना नक्की अडतं कुठे, यावर मी पूर्वी कुणी विचारलं असतं तर ड्रॅगन, जादू, खर्च असं काहीतरी सांगितलं असतं. आता सांगेन: टोप. या कथा झाकलेल्या चेहऱ्यावर चालतात आणि सिनेमा उघड्या चेहऱ्यावर. बाकी भांडणं नंतरची.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवतो. देवनागरीत ‘नाइट’ लिहिलं की योद्धा आणि रात्र एकच दिसतात. म्हणून मी त्यांना शिलेदार म्हणणार आहे. आपल्याकडे बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. पलीकडे जमिनीचे आणि शपथांचे व्यवहार निराळे होते, पण घोडा आणि लोखंड पदरचं, ही गोष्ट सारखी.

तर चेहरा. उत्तर फ्रान्समधल्या बायो गावात सुमारे सत्तर मीटर लांबीचं एक भरतकाम आहे. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई त्यात चित्रामागून चित्र अशी येते. चित्रपटाची पट्टीच, फक्त सुईने विणलेली. त्यात एका ठिकाणी इंग्लंडवर चालून गेलेला ड्यूक विल्यम घोड्यावर वळून टोप मागे सारतो आणि आपल्या माणसांना तोंड दाखवतो. तो मेला अशी आवई उठलेली असते. तेव्हाचा टोप अगदी साधा, नाकावर एक लोखंडी पट्टी एवढाच, तरीही आपला धनी आपल्याला ओळखू येईना. पुढे टोप बंद होत गेले आणि बाराव्या शतकात ढालींवर घराण्यांची चिन्हं पक्की व्हायला लागली. चेहऱ्याचं काम ढालीकडे गेलं. त्याच शतकात क्रेतियाँ द त्र्वा नावाचा फ्रेंच कवी आर्थरच्या दरबारातल्या प्रणयकथा लिहीत होता. ज्या काळात माणूस ढालीवरून ओळखायचा, त्या काळात ढाल बदलली की माणूस बदलला. कथाकाराला आणखी काय हवं? लान्सलॉट उसनी ढाल घेऊन लढायला उतरतो आणि त्याच्याच नात्यातल्या बोर्सचा भाला त्याच्या कुशीत मोडतो. जीवलग मित्र दिवसभर एकमेकांना झोडपतात आणि संध्याकाळी नावं विचारतात.

हे वाचताना गोड लागतं. पडद्यावर मात्र पहिला प्रश्न निर्मात्याचा: एवढे पैसे ज्या चेहऱ्याचे दिले तो डब्यात घालू?

बहुतेक जण पळवाट काढतात. टोपाची तोंडावरची झडप वर ठेवतात. किंवा लढाईच्या तोंडावर नायकाचा टोप कुठेतरी पडतो आणि भर रणात तो केस उडवत लढतो, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत मरायची पक्की सोय. सगळ्यांत मजेशीर तोडगा ‘द लास्ट ड्युएल’मध्ये आहे. दंतकथा नाही ती. १३८६ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये झालेलं खरं द्वंद्व. त्याचं काही चित्रीकरण याच काहिरच्या किल्ल्यात झालंय. चित्रपटातल्या टोपांना तोंडाची अर्धीच बाजू झाकलेली. अर्धी सुरक्षितता, अर्धा मॅट डेमन. रिडली स्कॉटसारख्या दिग्दर्शकालासुद्धा शेवटी अप्पांचंच ऐकावं लागलं.

त्याच स्कॉटने २००५ च्या ‘किंगडम ऑफ हेवन’मध्ये नेमकं उलट केलं होतं. जेरुसलेमचा राजा चौथा बाल्डविन कुष्ठरोगी होता. त्याचा शिक्षक, टायरचा विल्यम, लिहून गेलाय की लहानपणी मुलं खेळताना एकमेकांच्या हाताला नखं रुतवायची, बाकीची कळवळायची आणि बाल्डविन काहीच म्हणायचा नाही. आधी वाटलं पोरगं सोशिक आहे. मग कळलं, त्याला लागतच नाही. चित्रपटातल्या बाल्डविनच्या तोंडावर चांदीचा मुखवटा आहे. इतिहासात असा मुखवटा नाही, ती पडद्याची भर. आत एडवर्ड नॉर्टन, आणि त्याच्याच इच्छेवरून श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं. त्या अडीच-तीन तासांतलं मला आज काय आठवतं? तो मुखवटा आणि त्यामागून येणारा आवाज. दिसत नाही म्हणून आपण कान देतो, हाताच्या हालचालीकडे बघतो.

अर्थात झाकलेला चेहरा म्हणजे शत्रू, हाही धडा सिनेमाने लवकर गिरवला. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या १९३८ च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’त जर्मन शिलेदारांच्या डोक्यावर बादल्यांसारखे टोप, डोळ्यांच्या जागी चिरा, रशियन मात्र उघड्या तोंडाचे, दाढीमिशीवाले, विनोद करणारे. १२४२ ची ती गोठलेल्या सरोवरावरची लढाई प्रत्यक्षात उन्हाळ्यात, खोट्या बर्फावर चित्रित झाली. वर्षभरात स्टॅलिनने हिटलरशी करार केला आणि चित्रपट गुपचूप काढून घेतला. १९४१ मध्ये जर्मन फौजा घुसल्यावर पुन्हा लावला. बादलीत कोण आहे हे मधल्या काळात बदललेलं नव्हतं, आपण त्याच्याकडे कसं बघायचं ते बदललं होतं.

‘खरा आर्थर’ दाखवतो म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. २००४ मध्ये एक आला होता. रोमन सैन्य, सरमेशियन घोडेस्वार, आणि आयर्लंडच्याच किल्डेअरमध्ये उभारलेली, रोमनांनी ब्रिटनमध्ये बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीची लांबच लांब प्रतिकृती. भिंत चांगली होती.

मला ज्याने हा विषय शिकवला तो फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ. १९७४ चा ‘लान्सलो दु लाक’. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चिडलो होतो. नट सगळे नवखे, आवाजात चढउतार नाही, चेहरे कोरे. पवित्र पात्र शोधायला गेलेले शिलेदार हात हलवत परत आलेत, बरेच मेलेत आणि उरलेले तंबूत चिलखत घालूनच वावरतात. सतत खणखण. प्रेमाचं बोलणं चाललंय आणि मध्येच गुडघ्याचं लोखंड वाजतं. मला वाटलं, आवाजाच्या माणसाला सुट्टी दिली होती की काय! दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा कळलं, चित्रपट त्या आवाजाचाच आहे.

त्यातलं झुंजींचं दृश्य बघाच. लान्सलो ओळख लपवून उतरलाय. दुसरा कुणी असता तर उंचावरून मैदान, गर्दी, झेंडे दाखवले असते. ब्रेसाँ कॅमेरा घोड्याच्या पायांशी नेऊन ठेवतो. निशाण चढतं. वाद्य वाजतं. खूर. भाला आडवा होतो. ढालीवर धाड. रिकामं खोगीर. पुन्हा निशाण, पुन्हा वाद्य, पुन्हा खूर, पुन्हा धाड. प्रेक्षकांत बसलेला गोवँ, म्हणजे फ्रेंचमधला गवेन, नुसत्या पद्धतीवरून ताडतो आणि म्हणतो, “लान्सलो.” तोंड दिसलेलं नाही. आपल्यालाही नाही. जुन्या कथेत लोक जसे एकमेकांना ओळखत असतील तसं आपण त्याला ओळखतो, आदळण्याच्या जोरावरून. आणि शेवटी जंगलात एकावर एक पडलेल्या चिलखतांचा ढीग. भंगारवाल्याच्या दारात असतो तसा. आत माणसं आहेत हे मुद्दाम आठवावं लागतं.

क्रेतियाँने हे आठशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्याच्या कथेत पर्सव्हालच्या, म्हणजे पर्सिव्हलच्या, विधवा आईने त्याला रानात वाढवलंय, शस्त्राचं नावही कानावर पडू दिलेलं नाही. एक दिवस झाडीतून खडखडाट येतो. पोराला वाटतं, भुतंच आली. मग ते शिलेदार उन्हात येतात, सगळं लखलखतं आणि त्याला वाटतं, देवदूत! म्होरक्याला तो विचारतो, तूच देव का? मग हे काय, ते काय, आणि असाच जन्मलास का, लोखंडासकट? आवाज आधी, उजेड नंतर, अर्थ सगळ्यांत शेवटी. पुढे हाच पोरगा एका लाल शिलेदाराला डोळ्यात भाला फेकून मारतो आणि त्याचं चिलखत हवं म्हणून खटपट करतो, पण ते निघता निघत नाही. माणूस आणि लोखंड यांचा सांधाच त्याला सापडत नाही. फ्रेंच दिग्दर्शक एरिक रोमेरने १९७८ मध्ये ही कथा स्टुडिओत, धातूच्या झाडांमध्ये आणि रंगवलेल्या किल्ल्यांसमोर चित्रित केली. पात्रं स्वतःबद्दल ‘तो म्हणाला’ असं पद्यात सांगतात. निम्म्या प्रेक्षकांना झोप येते. मला दशावतार बघितल्यासारखं वाटतं: झाड रंगवलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून झाडाचा प्रश्नच मिटला.

मॉन्टी पायथन या विनोदी टोळीने १९७५ च्या आपल्या आर्थरवरच्या चित्रपटात तर घोड्याचाच प्रश्न मिटवला. परवडत नव्हते म्हणून नारळाच्या करवंट्या वाजवल्या. चिलखत विणलेल्या लोकरीचं, वर चंदेरी रंग. बरेचसे किल्ले म्हणजे स्कॉटलंडमधला डून हा एकच किल्ला वेगवेगळ्या बाजूंनी. त्यांचा काळा शिलेदार हात-पाय तुटले तरी हटत नाही आणि त्याचं तोंड आपल्याला एकदाही दिसत नाही. दिसलं असतं तर ते दृश्य असह्य झालं असतं. दोन दिग्दर्शकांपैकी टेरी जोन्स मध्ययुगाचा पक्का अभ्यासक होता, ते थट्टेतही कळतं. ब्रेसाँच्या चित्रपटात रक्त उडतं, इथेही उडतं. एका वर्षाच्या अंतराने आलेले हे दोन चित्रपट मला सख्खी भावंडं वाटतात, एक अबोल आणि एक वात्रट.

आणि मग ‘एक्सकॅलिबर’. जॉन बोरमनचा, १९८१ चा, सगळा आयर्लंडमध्ये झालेला. या काहिरच्या तटावरही त्याची लढाई झाली. बोरमन म्हणजे चंदेरी कागदाचा राजा. त्याचे शिलेदार जेवायलाही चिलखत घालून बसतात. पाचव्या-सहाव्या शतकातल्या आर्थरला पंधराव्या शतकातलं चकचकीत पोलाद कसं, असं इतिहासवाले विचारतात. त्याचं उत्तर टॉमस मॅलरीकडे आहे. त्याने १४७० च्या सुमारास, तुरुंगात बसून, हा सगळा पसारा इंग्रजीत एकत्र केला आणि १४८५ मध्ये कॅक्स्टनने तो छापला. मॅलरीच्या डोळ्यांसमोर त्याच्या काळचे योद्धे होते. बोरमनने मॅलरी घेतला, आर्थर नाही. मला ते पटतं. बोरमनच्या मॉर्ड्रेडच्या, म्हणजे आर्थरच्या उलटलेल्या मुलाच्या, डोक्यावर सोन्याचा टोप आहे, आणि त्या टोपालाच चेहरा आहे: कुरळ्या केसांचा, देखणा, गोठलेला. चेहरा झाकायचा तर दुसरा चेहरा लावून झाका! यात्रेतल्या नाटकाला शोभेल अशी युक्ती आणि तरी अंगावर काटा येतो. मॅलरीत मॉर्ड्रेड आर्थरच्या भाल्यावर स्वतःला पुढे ढकलत बापापर्यंत पोचतो; बोरमनने ते उलटवलं, तिथे बाप मुलाचा भाला स्वतःच्या अंगात ओढून घेत पुढे सरकतो. काहिरहून परतल्यावर अप्पांना मी हाच चित्रपट आधी दाखवला. ते खूश. “ह्याला नाटक कळतं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ‘द ग्रीन नाइट’ लावला, २०२१ चा. तोही काही भाग काहिरमध्येच चित्रित झालेला. देव पटेल दिसताच अप्पा सावरून बसले, “हा आपल्याकडचा दिसतोय.” आई-वडील केनियातून आलेले गुजराती, पोरगा लंडनचा, म्हणून मी सांगितलं. आर्थरचा भाचा असा कसा, याचा खुलासा चित्रपट करत नाही. त्याची आई सरिता चौधरी आहे आणि विषय संपला.

मूळ काव्य चौदाव्या शतकाच्या अखेरचं, २५३० ओळींचं, कवी कोण ते अज्ञात. हस्तलिखित एकच, आणि तेही १७३१ च्या आगीतून वाचलेलं. आर्थरच्या दरबारात ऐन सणात एक हिरवा माणूस घोड्यावरून येतो आणि म्हणतो, माझ्यावर एक घाव घाला, वर्षाने मी तो परत करीन. गवेन त्याचं मुंडकं उडवतो. गंमत अशी की दरबारातल्या या सगळ्या शूरांसमोर तो हिरवा माणूस टोप आणि चिलखत न घालता आलाय. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात हॉली नावाच्या झाडाची फांदी. मुंडकं घरंगळतं, लोक त्याला पायाने ढकलतात. तो उठतो, केसांना धरून ते उचलतो आणि त्या मुंडक्याचे डोळे उघडतात. या सगळ्या कथाचक्रात इतका उघडा चेहरा दुसरा नाही.

चित्रपटाचा दिग्दर्शक डेव्हिड लाउरीने त्या हिरव्याला झाडाच्या सालीचा केला. इथे मी त्याच्यावर थोडा नाराज आहे. काव्यातला माणूस देखणा आहे, फक्त हिरवा, आणि तेच जास्त भीतिदायक. पण गवेनच्या बाबतीत त्याने बाजी मारली. त्याचा गवेन अजून शिलेदार झालेलाच नाही, त्यामुळे लपायला टोपच नाही. वाटेत चोर त्याचं होतं नव्हतं ते लुटतात. मग उरतं ते घाबरलेलं तोंड. शेवटाकडे बराच वेळ कुणी एक शब्द बोलत नाही आणि त्या तोंडावरून एक अख्खं भावी आयुष्य निघून जातं. अप्पा मध्येच झोपले होते, त्या वेळी मात्र जागे होते. संपल्यावर म्हणाले, “मग शेवटी मारलं की नाही त्याला?” मी म्हटलं, ते सांगत नाहीत. “पैसे परत मागायला पाहिजेत,” म्हणाले. पण चहा पिताना पुन्हा तोच विषय काढला.

मॅलरीत एक कथा आहे जी मी पाहिलेल्या एकाही चित्रपटाने घेतलेली नाही. बॅलिन, दोन तलवारींचा शिलेदार, चांगला पण नशिबाचा फुटका. जे करायला जातो ते उलटतं. एका किल्ल्याशी येतो. तिथली रीत अशी की येणाऱ्याने बेटावरच्या रक्षकाशी लढायचं. एक जण म्हणतो, तुझी ढाल काही खास नाही, माझी मोठी घे. बॅलिन घेतो. वाटेत एक स्त्री हळहळते: स्वतःची ढाल का सोडलीस, तिच्यावरून तुला ओळखलं असतं. बेटावर लाल कपड्यांतला, लाल झुलीच्या घोड्यावरचा रक्षक. त्याला या माणसाकडच्या दोन तलवारी दिसतात, क्षणभर शंका येते, पण ढाल ओळखीची नाही. दोघं लढतात. बुरुजांवरून बायका बघताहेत. जमीन लाल होते. शेवटी रक्षक थोडा मागे सरतो आणि आडवा होतो. बॅलिन विचारतो, कोण तू? माझ्या तोडीचा आजवर भेटला नाही. तो सांगतो: बॅलन, बॅलिनचा भाऊ. ऐकून बॅलिन बेशुद्ध पडतो. मग बॅलन चार हातापायांवर रांगत येतो, समोरच्याचा टोप काढतो. आणि तरीही ओळखत नाही, कारण तोंडावर इतक्या जखमा, इतकं रक्त. शुद्धीवर येऊन बॅलिन बोलतो तेव्हा कुठे कळतं.

टोप निघाला की चेहरा दिसेल, ही एवढी आशासुद्धा मॅलरी ठेवत नाही. यादवी युद्धांच्या इंग्लंडमध्ये तुरुंगात बसलेला माणूस हे लिहीत होता.

मी बरेचदा ही कथा मनातल्या मनात चित्रित करून पाहतो आणि दर वेळी तिथेच अडतो. दोघांचे चेहरे प्रेक्षकाला आधी दाखवले तर त्याला सगळं माहीत, तो वरच्या बायकांबरोबर बुरुजावर बसलेला. न दाखवले तर त्याने जीव कुणात गुंतवायचा? कॅमेरा बाहेर ठेवला की दोन डबे आदळताना दिसतात. काहिरहून आल्यापासून वाटतंय, कॅमेरा आत ठेवावा. ती फट, गवताचा पट्टा, लाल काहीतरी सरकतंय, आणि स्वतःचा श्वास. समोरचा ओरडून काहीतरी विचारतोय, कदाचित नावच, आणि ते ऐकूच येत नाही.

फोटोचं सांगायचं राहिलं. मी तो संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकला. मागे बुरूज, पुढे लोखंडाचं डोकं, खाली अप्पांचं नवं जॅकेट, माझ्याकडचंच, त्यामुळे गावाकडे कुणी पाहिलेलं नाही. अंगठे आले, हात जोडलेले आले. रात्री उशिरा काकांचा मेसेज आला. अप्पांपेक्षा दोन वर्षांनी धाकटे, जन्मभर एका ताटात जेवलेले.

“किल्ला भारी आहे. पण दादा कुठाय?”

मी उत्तर टाइप करायला लागलो. अप्पांनी चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचलं आणि फोनवर हात ठेवला.

“राहू दे,” म्हणाले. “बघू किती वेळ लागतो त्याला.”